रुसनटोलीची पाटी

माझा नवरा अश्वजित पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरवरची नावं, विहाराच्या भिंतीवरच्या गाथा, सगळं हाताने लिहितो. फ्लेक्स आल्यापासून मूल शहरातल्या बाकीच्या पेंटरांनी ब्रश ठेवून दिले, पण अश्वजितचं अक्षर बघून राइस मिलवाले अजून त्यालाच बोलावतात. त्यामुळे आमच्या वस्तीजवळ रेल्वेचा नवा हॉल्ट झाला आणि त्याची पिवळी पाटी लिहायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही.

आमची वस्ती शहराच्या पूर्वेच्या टोकाला, तलावाच्या पाळीला लागून आहे. निम्मी घरं आम्हा बौद्धांची, निम्मी मासेमारी करणाऱ्या ढिवरांची. नाव रुसनटोली. माझं माहेर कोरपन्याचं. सोयरीक जुळली तेव्हा माझ्या वडिलांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, "रुसनटोली? कोन रुसलं होतं बाप्पा तिथी?" पाहुणे हसले, उत्तर कोणी दिलं नाही. लग्नाला बारा वर्षं झाली. अंगणवाडीच्या मीटिंगला चंद्रपूरला गेले की अजूनही मला तेच विचारतात आणि मीही हसून वेळ मारून नेते.

हॉल्ट काही मोठा नाही. एक फलाट, दोन टिनाचे शेड, तिकिटाची एक खिडकी आणि निळ्या रंगाचे चार बाक. पण त्या निळ्या बाकांमुळे वस्तीतल्या पोरींनी त्याला 'मेट्रो' म्हणायला सुरुवात केली आणि म्हाताऱ्याही म्हणू लागल्या. "मेट्रोवर जाऊन येतो जरा," म्हणायचं आणि फलाटावर हवा खायची. गाडी सुरू व्हायला अजून बारा दिवस होते.

त्या दिवशी मी अश्वजितचा डबा घेऊन फलाटावर गेले, तर तो हातात कागद धरून उभा. समोर कंत्राटदाराचा सुपरवायझर हरिदास. वर्ध्याकडचा माणूस, बुटका, गळ्यात मफलर.

"हरिदासभाऊ, हे काय आहे?" अश्वजितने विचारलं.

"स्टेशनचं नाव."

मी वाकून पाहिलं. मराठीत छापलं होतं, 'रशियन टोली'. खाली हिंदीत तेच, त्याच्याखाली इंग्रजीत तेच.

"इथी रशियन कोन आहे?"

"मले काय माहीत? मले वाटलं असतीन कोनी पयले."

चूक कुठे झाली ते आजवर कळलेलं नाही. कोणीतरी इंग्रजीत नाव लिहिताना एक अक्षर जास्त घातलं असेल, कॉम्प्युटरने पुढचं आपल्या मनाने सुधारलं असेल, आणि मग कोणीतरी त्याचं पुन्हा मराठी केलं. पण कागदावर शिक्का होता.

हरिदासने हात जोडले. "पेंटरभाऊ, मी कागद बदलू शकत नाई. वरून पत्र आलं पाह्यजे. पत्र पाह्यजे असन तर मले नावाचा इतिहास लिहून द्या. दोन जुन्या मानसांचं सांगनं, वस्तीच्या सभेचा ठराव. मी सोता घेऊन जातो. पन काम थांबवता येनार नाई. साहेब रोज फोटो मागते."

"काम थांबवतच नाई," अश्वजित म्हणाला. "आज पिवळा मारतो. वाळला का लिहितो."

आणि तो पिवळा काही वाळलाच नाही. अश्वजित रोज सकाळी ऊन चढायच्या आत एक हात मारून यायचा. हरिदास दहाला यायचा, पाटीला बोट लावायचा, पिवळं झालेलं बोट कडुलिंबाच्या पानाला पुसायचा आणि फोनवर सांगायचा, "साहेब, अजून ओला आहे." चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं असावं, पण तो काही बोलला नाही. पाचव्या दिवशीही त्याने न चुकता बोट लावलं.

इकडे वस्तीत धमाल उडाली. सुकलू चहावाल्याने टपरीवर खडूने लिहिलं, 'रशियन समोसा मिळेल.' कोणीतरी मोबाइलवर निरोप फिरवला की फार पूर्वी एक रशियन साहेब वाघ मारायला आला होता, त्याला इथली हवा मानवली आणि तो इथेच राहिला. दोन दिवसांत तो निरोप फिरून फिरून इतका लांबला की त्यात त्या साहेबाची समाधीही आली. चंद्रपूरहून एक पोरगा कॅमेरा घेऊन ती समाधी शोधत आला. सुकलूने त्याला तलावाच्या पाळीवरचा मैलाचा दगड दाखवला.

हसण्यात सगळे सामील होते. फक्त प्रफुल हसत नव्हता. प्रफुल मच्छीमार सोसायटीचा सचिव, शिकलेला, वस्तीतले सगळे अर्ज तोच लिहितो. तो संध्याकाळी आमच्याकडे आला.

"अश्वजितभाऊ, नाव बिघडलंच आहे तर चांगलं नाव घेऊन टाकू ना. शांतीनगर. सभेत मी तोच ठराव आनतो."

"काऊन? रुसनटोलीले काय झालं?"

"काय झालं म्हनजे? एका जावयाले मरळ मासोळीचं मानाचं मुंडकं नाई वाढलं, म्हनून थो पाळीवर जाऊन रुसून बसला. त्याचं नाव आपन जन्मभर कपाळावर घेऊन फिरायचं? मी सोसायटीच्या कामाले कुठीबी गेलो का लोक इचारते, रुसले का प्रफुलभाऊ? अन् आता ते स्टेशनवर येनार. रोज चार गाड्या भरून लोक हासनार."

खरं सांगायचं तर मला प्रफुलचं म्हणणं पटलं होतं. शांतीनगर म्हटलं की कोणी काही विचारत नाही. मी तसं अश्वजितला बोललेही. तो म्हणाला, "आबाजीले इचारू पयले."

आबाजी म्हणजे सोमाजी, अश्वजितच्या आजोबांचे धाकटे भाऊ. पंचाऐंशी वर्षांचे, पण पाठ ताठ. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा ते उन्हात बसून सुपारी कातरत होते. जय भीम झाला. अश्वजितने नावाचं विचारलं.

"तुले नाई माहीत?" आबाजी म्हणाले. "तुह्या पंजीचं नाव आहे हे."

पंजी म्हणजे पणजी, आबाजींची आई केसरबाई. तिच्याबद्दल मी ऐकलं होतं, पण असं तुकड्यातुकड्यांत. त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं.

"चांद्याले दीक्षा झाली तवा आमी पायी गेलतो. मी सोळा-सतरा वर्साचा. तवा आमची घरं तलावापलीकडच्या जुन्या गावात होती. पुढच्या उन्हाळ्यात गावच्या बड्या मानसाचा बैल मेला. सांगावा आला, ओढून न्या. माय म्हनली, हे काम आमी सोडलं. झालं. दुसऱ्या दिवसापासून आमाले विहिरीवरचं पानी बंद. आमाले हात तर लावू देतच नव्हते, दुसरं कोनी वरून वाढत होतं, तेबी बंद. मायनं डोक्यावर पान्याचे गुंड-भांडे घेतले, शेळी सोडली, अन् तलावाले वळसा घालून इकडं या मोहाच्या झाडाखाली येऊन बसली. अकरा घरं तिच्यामांगं आली."

"मग?"

"बड्या मानसाचा गडी आला बलवाले. म्हने, केसर, काऊन रुसली? चाल घरी. माय म्हनली, रुसली नाई, निंगाली." आबाजींनी अडकित्ता खाली ठेवला. "पन गाव हासलं. म्हने, रुसल्या आहेत, आठ दिवसांत भूक लागन तवा येतीन वापस. बाजारात आमाले रुसनवाले म्हनाले लागले. तेच नाव बसलं."

"आबाजी, पण प्रफुल तर म्हणतो जावयाचं..."

"तेबी खरं आहे." आबाजी हसले. "उन्हाळा, तलावात चिखल. प्याचं पानी फक्त इथल्या ढिवरांच्या झिऱ्यात. त्याईनं रेतीत खनला होता. तो झिरा आमाले बंद होता. तिसऱ्या दिवशी लेकरं रडाले लागली, मायबी डगमगली. तवा बापूजी आला, खांद्यावर पान्याचा गुंड घेऊन. ढिवरांचा जावई, सिंदेवाईकडचा. सासऱ्यानं मरळीचं मुंडकं वाढलं नाई म्हनून रुसून आला होता. नऊ दिवस आमच्यात राह्यला, रोज पानी आनलं. मी त्याले इचारलंबी होतं. म्हने, हो ना गड्या, मुंडकं नाई वाढलं." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "म्हनून सांगतो पोरी, आमाले मरळीच्या मुंडक्यानं पानी पाजलं. थो रुसला नसता तर आमी वापस गेलो असतो."

ते हसत होते, पण ही गोष्ट अजून त्यांच्या घशाखाली नीट उतरलेली नव्हती हे मला दिसत होतं. आईने एवढी हिंमत केली आणि ती टिकली कशामुळे, तर एका माशाच्या मुंडक्यामुळे.

सभा रविवारी सकाळी समाज मंदिराच्या शेडमध्ये भरली. दोन्हीकडची मिळून शंभरेक माणसं. आबाजींना खुर्ची दिली. प्रफुलची आजी इंदिराबाई मागच्या बाजूला खाली बसली होती. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, अजून टोपली घेऊन बाजारात झिंगे विकते. तिथूनच आली होती, टोपली शेजारी होती.

प्रफुलने ठराव वाचला. शांतीनगर. टाळ्याही पडल्या. मग अश्वजितने आबाजींना बोलायला सांगितलं. त्यांनी आम्हाला सांगितलं होतं तेच सगळं सांगितलं. केसरबाईचं ऐकताना मागचे लोक पुढे सरकले. बापूजीवर आले आणि मुंडक्याचं नाव निघालं तसे लोक हसायला लागले. आबाजीही हसले.

"हेच म्हनतो मी," प्रफुल म्हणाला. "केसरबाईचं नाव ठेवा, माही काई ना नाई. पन त्या मुंडक्यासाठी..."

"मुंडकं ताटात होतं."

आवाज मागून आला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आजी, काय म्हनली?"

"मुंडकं ताटात होतं म्हनतो. मीच वाढलं ना." इंदिराबाई उठली नाही, बसल्या जागेवरूनच बोलत होती. "नऊ वर्साची होती मी. माय बिमार होती. मोठी बहीन नवऱ्यासमोर याले लाजत होती. म्हनून भाटव्याले, बापूजीले, मी वाढलं. भात वाढला, कालवन वाढलं, वर मुंडकं. एवढं." तिने हाताने दाखवलं.

शेडमध्ये आता कोणी हसत नव्हतं.

"त्याईनं हात नाई लावला. बाबाले इचारलं, मामाजी, झिऱ्यावर काटे कोनं टाकले? बाबा म्हने, मुकाट्यानं जेव. गावानं सांगतलं आहे, रुसनवाल्याईले पानी देल्लं तर तलावाचा ठेका जाईन. आमी खाऊ काय? भाटवा उठला. हात धुतले. घरातला भरलेला गुंड उचलला अन् गेला. भर दुपारी, सगळं गाव पाह्यत होतं."

"मग मुंडक्याचं काऊन..." प्रफुलचा आवाज खाली आला होता.

"गावातून मानूस आला ना इचाराले. तुहा जावई तिकडं काऊन गेला म्हने. बाबा लय घाबरला. त्यानं माह्याकडं पाह्यलं, अन् म्हनला, या पोट्टीनं मुंडकं नाई वाढलं, म्हनून रुसून गेला जावई. अन् त्या मानसासमोर माह्या गालात एक हानली. खरं वाटाव म्हनून. थो मानूस हासत गेला. मंग बाबानं मले मांडीवर घेतलं. रडला बी. म्हने, हे कोनाले बोलाचं नाई इंदिरा, तलाव जाईन आपला."

"अन् नवव्या दिवशी?" आबाजींनी विचारलं. ते खुर्चीतून पुढे वाकले होते.

"नवव्या दिवशी बाबा गेला त्याले आनाले. गावाले वाटलं, जावयाची समजूत काढाले चालला. भाटवा म्हने, काटे काढा तर येतो. जावयाले घरी आनाचं तर त्याची अट ऐकाच लागते ना? बाबानं काटे काढले. गाव हासतच राह्यलं, अन् झिरा उघडा झाला."

मग प्रफुलच म्हणाला, "आजी, तलाव सोसायटीचा होऊन किती वर्सं झाली. मंग आमाले काऊन नाई सांगतलं?"

"कोनं इचारलं? तुमी सगळे हासत होते. हासू देल्लं."

आबाजी खुर्चीवरून उठले. काठी न घेताच लोकांमधून वाट काढत मागे गेले आणि इंदिराबाईच्या शेजारी सतरंजीवर बसले. अडुसष्ट वर्षं ही दोन माणसं एकाच वस्तीत राहिली होती. रोज जाता-येता बोलत होती, आणि हे मात्र त्यांच्यात कधी बोललं गेलं नव्हतं.

"इंदिरा, जोरात लागली होती का गालात?"

"मंग! चारी बोटं उठली होती."

आबाजींनी हात जोडले. इंदिराबाईने पदराने आधी स्वतःचे आणि मग, काय सुचलं कोण जाणे, त्याच पदराने त्यांचेही डोळे पुसले. त्या पदराला झिंग्यांचा वास होता. आबाजींना जोराची शिंक आली, आणि शेडमधले सगळे, रडणारेसुद्धा, हसले.

प्रफुलने आपला ठरावाचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. "सांगा, काय लिहू? सदर वस्तीत सन एकोणीसशे सत्तावन्न साली कोण रुसलं होतं?"

"माय रुसली नव्हती," आबाजी म्हणाले.

"भाटवा बी नाई," इंदिराबाई म्हणाली.

"मंग कोनीच रुसलं नाई तर नाव रुसनटोली कसं ठेवाचं?" सुकलूने विचारलं. प्रश्न बरोबर होता. सगळे विचारात पडले.

अश्वजित सभेत कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलला. "नाव चिडवनाऱ्याईनं ठेवलं. पन राह्यलो तर आपन ना त्या नावात? आता बदललं तर पुढच्याले कसं कळन, इथी काय झालं होतं?"

ठराव एकमताने झाला. प्रफुलने अर्ज मनापासून लिहिला, आणि तरीही त्यात 'सदरहू', 'उपरोक्त' आणि 'विनाविलंब' हे तिन्ही शब्द होते. आबाजींनी सही केली, इंदिराबाईने अंगठा दिला.

सोमवारी सकाळी हरिदासने तो अर्ज फलाटावर उभ्या उभ्या वाचला. वाचून झाल्यावर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. मग कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला आणि त्याच दुपारी नागपूरच्या बसमध्ये बसला. जाताना अश्वजितला म्हणाला, "पेंटरभाऊ, मी येईपर्यंत पिवळा वाळू देऊ नका."

पण पत्र वेळेवर आलं नाही. गाडी सुरू होण्याचा दिवस उजाडला तेव्हा पाटी तशीच कोरी, तेरा हात बसून आरशासारखी चमकणारी. पाहुणे आले, हार-तुरे झाले, भाषणं झाली. एका पाहुण्यांनी पाटीकडे बघून विचारलं, "नाव कुठे आहे?" हरिदास नम्रपणे म्हणाला, "ओला आहे साहेब."

अकरा वाजून वीस मिनिटांनी गाडी आली. थांबली. खिडक्यांमधून डोकी बाहेर निघाली. एका माणसाने इकडे-तिकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं, "कोन्तं स्टेशन आहे हो?"

इंदिराबाईचा आवाज बाजारात कमावलेला. सगळ्यांच्या आधी तिचाच निघाला. "रुसनटोली!"

मग आम्ही सगळेच ओरडलो. फलाटावर दोनशे माणसं होती. "रुसनटोली! रुसनटोली!" दुसऱ्या डब्यातली एक बाई खिडकीतून विचारू लागली, "काय टोली?" तिला प्रफुलने जवळ जाऊन एकेक अक्षर फोडून सांगितलं. ती हसत म्हणाली, "कोन रुसलं होतं जी?"

"कोनीच नाई!" प्रफुल म्हणाला आणि स्वतःच इतका हसला की गाडी हलली तरी तो खिडकीसोबत चालतच होता. त्या बाईला त्याने अर्धी गोष्ट तरी नक्कीच सांगितली असेल.

पत्र नऊ दिवसांनी आलं. हरिदास स्वतः घेऊन आला. त्याचं काम संपलं होतं, त्याला दुसऱ्या गावी जायचं होतं, पण तो पाटी लिहून होईपर्यंत थांबला. अश्वजितने चुन्याची दोरी मारली, खडूने अक्षरं आखली आणि काळा रंग ढवळला. आबाजींना निळ्या बाकावर बसवलं होतं. अश्वजितने आयुष्यात हजारो पाट्या लिहिल्या आहेत, पण त्या दिवशी 'रु' लिहिताना तो दोनदा थांबला. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. दुपारपर्यंत तिन्ही ओळी झाल्या. हरिदासने फोटो काढला, साहेबांना पाठवला आणि मग हळूच 'टो'च्या मात्रेला बोट लावलं. बोट काळं झालं. "आता खरंच ओला आहे," तो म्हणाला.

सगळं आनंदात झालं, पण इंदिराबाईच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. एक दिवस ती आमच्या दारात आली.

"रिना, भाटवा तर गेला. बहीनबी गेली. पन त्याईची पोरगी आहे ना, दामिनी. तिले कोन सांगन?"

बापूजींचं गाव सिंदेवाहीजवळ. त्यांची मुलगी दामिनी अजून बापाच्याच घरी राहते. इंदिराबाई म्हणाली, त्या गावात त्यांच्या घराला मुंडकेवाले म्हणतात. लग्नात, तेरवीत, कुठेही पंगत बसली की कोणीतरी ते काढतंच.

"मीबी येतो," आबाजी म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून आम्ही तिघं आमच्या मेट्रोवरून निघालो. खिडकीजवळ कोणी बसायचं यावरून दोघांचं आधी भांडण झालं. आबाजी म्हणाले, मी मोठा. इंदिराबाई म्हणाली, मले गाडी लागते. शेवटी ती खिडकीत बसली आणि सिंदेवाही येईपर्यंत डोळे मिटून होती, खिडकीतून तिने काहीच पाहिलं नाही.

दामिनी अंगणात धान वाळवत होती. साठीला टेकलेली, अंगाने भरलेली, बोलायला मोकळी बाई. मावशीला बघून तिला आनंद झाला, आबाजींना तिने ओळखलं नाही. पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. इंदिराबाई म्हणाली, "चहा राहू दे. बस पयले."

दामिनी बसली नाही. धान ओढायची फावडी हातात धरून उभीच राहिली आणि तसंच सगळं ऐकलं. मुंडकं, काटे, गुंड, गालावरची चापट. इंदिराबाईचं सांगून झालं.

मग आबाजींकडे वळून तिने विचारलं, "बाबा पानी घेऊन आले तवा एकटेच होते जी?"

"एकटाच होता. उन्हानं लाल झाला होता. गुंड खाली ठेवला अन् माह्या मायले म्हनला, बाई, पयले लेकराईले द्या."

दामिनीने फावडी भिंतीला टेकवली. डोळ्यांवरून हात फिरवला. आणि एकाएकी हसायला लागली.

"मावशी, माह्या बापाले मुंडकं आवडतच नव्हतं ना! लोक मुद्दाम त्याच्या ताटात वाढत होते, अन् थो गुपचाप माह्या ताटात टाकत होता. मी म्हनत होतो, ज्यासाठी रुसला तेच खात नाई, कसा मानूस आहे हा!"

तिने कमरेचा मोबाइल काढला. तिचा भाऊ कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहे, त्याला लावला. "दादा, कामावर असशीन तर बाहेर ये. आवाज मोठा कर. मावशी काई सांगून राह्यली बाबाचं." मग शेजारच्या दोन घरांना हाक मारली. कुंपणापलीकडून बायका आल्या, एक म्हातारा खाट घेऊन आला. मोबाइल सुपात ठेवला.

"मावशी, सुरुवातीपासून सांग."

इंदिराबाईने पदर सावरला. "तवा मी नऊ वर्साची होती," ती म्हणाली.

"बैलापासून सांग," आबाजी म्हणाले, "बैल पयले मेला होता."

"मंग तुमीच सांगा!"

"नाई नाई, तूच सांग. मी मंधात बोलत नाई."

ते बोललेच, सारखे बोलले. पाच वाजताची परतीची गाडी शिटी देऊन गेली. मी उठायला लागले तर दामिनीने माझा हात धरून खाली बसवलं आणि ऐकता ऐकताच चुलीवर सगळ्यांच्या भाताचं आधण ठेवलं.